बँकेतल्या ठेवीला पाच लाखांचं संरक्षण: मोजायचं कसं, मिळवायचं कसं

छत्रपती संभाजीनगरच्या अजंठा अर्बन सहकारी बँकेवर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २२ एप्रिल २०२५ रोजी तिचा परवाना रद्द झाला. त्याआधी उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये गेला. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या एकापेक्षा जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेत ठेवी अडकल्या आणि पोलिसांत गुन्हे दाखल झाले. गावात या तिन्ही गोष्टींबद्दल एकच वाक्य ऐकू येतं, ‘बँक बुडाली.’ कायद्याच्या लेखी मात्र पहिल्या दोन ठिकाणच्या ठेवींना विमा होता आणि तिसऱ्या ठिकाणी नव्हता. आपली ठेव यातल्या कुठल्या बाजूला आहे, हे पैसे भरायच्या आधी कळायला हवं. ते कळणं अवघड नाही.

पावतीवर नाव काय छापलंय ते बघा

ठेवीची पावती किंवा पासबुक हातात घ्या आणि संस्थेचं पूर्ण नाव वाचा. पाटीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात असतं ते वाचा. ‘नागरी सहकारी बँक मर्यादित’, ‘जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक’, ‘ग्रामीण बँक’, ‘स्मॉल फायनान्स बँक’, ‘पेमेंट्स बँक’ किंवा कोणतीही सरकारी वा खासगी बँक असेल, तर ठेवीला विमा असतो. हा विमा ठेव विमा आणि पतहमी महामंडळ देतं. ही रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीची संस्था आहे, बँकवाले तिला डीआयसीजीसी म्हणतात.

‘नागरी सहकारी पतसंस्था’, ‘बिगरशेती पतसंस्था’, ‘मल्टिस्टेट को-ऑप. क्रेडिट सोसायटी’, ‘अर्बन निधी’, कर्मचाऱ्यांची किंवा शिक्षकांची पतपेढी, गावची विविध कार्यकारी सेवा सोसायटी, फायनान्स कंपनी, भिशी, चिट फंड यांपैकी काही असेल, तर या विम्याचा एक रुपयाही मिळत नाही. संस्थेची इमारत चार मजली असो, चेअरमन साहेबांचे फोटो चौकाचौकात असोत, मोबाइल ॲप असो, क्यूआर कोड असो, त्याने काही बदलत नाही. पतसंस्थेला राज्याच्या सहकार खात्याची नोंदणी असते, मल्टिस्टेटला दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाची. नोंदणी म्हणजे रिझर्व्ह बँकेचा परवाना नव्हे. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ नुसार अशा सोसायट्यांना नावात ‘बँक’ हा शब्द वापरायलाही मनाई आहे, आणि रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये याबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं.

काउंटरवर हमखास ऐकवलं जाणारं एक उत्तर असं: ‘काळजी करू नका, आमचे पैसे आम्ही मोठ्या बँकेतच ठेवतो, तिथं विमा आहे.’ हे अर्धंच खरं आहे. पतसंस्थेने एखाद्या बँकेत दहा कोटी ठेवले, तर त्या बँकेच्या लेखी ठेवीदार एकच, ती पतसंस्था. विमाही सगळा मिळून पाच लाखांचा. तुम्ही त्या बँकेचे ठेवीदार नाहीच.

बँकेचा विमा आहे की नाही याची खात्री करायला तीन जागा आहेत. डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांची यादी असते. सप्टेंबर २०२३ पासून विमाधारक बँकेने आपल्या संकेतस्थळावर डीआयसीजीसीचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड दाखवणं बंधनकारक आहे. तो कोड स्कॅन केला की महामंडळाच्याच पानावर जायला हवं, बँकेच्या जाहिरातीवर नव्हे. आणि शाखेत तुम्ही विम्याची माहिती मागू शकता. शाखाधिकाऱ्याने टाळाटाळ केली तर तिथं ठेव ठेवू नका.

पोस्टाचं वेगळं. पोस्टाच्या बचत योजनांना डीआयसीजीसीचा विमा नसतो, कारण तिथं भारत सरकारची थेट हमी असते आणि त्या हमीला पाच लाखांची मर्यादा नाही. पोस्टाच्याच इमारतीत चालणारी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक मात्र बँक आहे, तिला बँकेचा नियम लागतो.

पाच लाख म्हणजे नेमके किती

१९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर ठेव विम्याचा कायदा आला. विमा १ जानेवारी १९६२ पासून सुरू झाला, तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ पासून ती एक लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. हप्ता बँक भरते. २०२० पासून शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे असा दर होता. ग्राहकाकडून तो वसूल करता येत नाही. ‘ठेव विमा’ म्हणून कुणी खात्यातून पैसे कापले, तर लेखी तक्रार करा.

आता हिशोबाचे नियम. सगळा घोळ इथंच होतो.

पाच लाख हे एका ठेवीदाराला, एका बँकेत, एका नात्याने. ‘एका खात्याला’ नव्हे. बचत, चालू, मुदत ठेव, आवर्ती, पिग्मी हे सगळं एकत्र धरलं जातं, आणि बँकेच्या सगळ्या शाखांतलं धरलं जातं. लातूरच्या शाखेत तीन लाख आणि उदगीरच्या शाखेत तीन लाख ठेवले म्हणजे सहा लाख झाले, विमा पाचाचाच. वेगवेगळ्या पाच-पाच पावत्या केल्यानेही काही वाढत नाही. दोन वेगळ्या बँकांत ठेवले तर मात्र प्रत्येक बँकेत स्वतंत्र पाच लाख मोजतात. या दोन बँकांचं पुढं विलीनीकरण झालं की ठेवी एकाच बँकेच्या होतात, त्यामुळं विलीनीकरणाची बातमी आली की बेरीज पुन्हा करा.

मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. हे सर्वांत जास्त लोक विसरतात. समजा साडेसात टक्के दराने, दर तिमाहीला चक्रवाढ अशा एका वर्षाच्या ठेवीत ४,७५,००० ठेवले. वर्षाअखेर होतात साधारण ५,११,६४०. म्हणजे वरचे साडेअकरा हजारांहून थोडे जास्त उघडे. तेच ४,६०,००० ठेवले तर वर्षाअखेर ४,९५,४८० च्या आसपास होतात आणि सगळे आत बसतात. पाच वर्षांची चक्रवाढ ठेव असेल तर अंतर फारच मोठं होतं: याच दराने पाच वर्षांत रकमेचे जवळपास १.४५ पट होतात, म्हणून साधारण ३,४५,००० च्या वर ठेवलं की शेवटच्या काळात मर्यादा ओलांडते. ज्यांना मुद्दल जास्त ठेवायचं आहे त्यांनी व्याज दर तिमाहीला बाहेर घ्यावं, आणि ते त्याच बँकेच्या बचत खात्यात न घेता दुसऱ्या बँकेच्या खात्यात वळवावं. त्याच बँकेत घेतलं तर बेरीज तीच राहते.

वेगळं नातं म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. तुमच्या एकट्याच्या नावचं खातं हे एक नातं. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचे पालक म्हणून उघडलेलं खातं वेगळं, भागीदारी फर्मचं वेगळं, कंपनीचं वेगळं. पण एकल मालकीच्या दुकानाचं खातं, म्हणजे ‘अमुक ट्रेडर्स, प्रोप्रायटर तुम्ही’, हे वेगळं धरत नाहीत. ते तुमच्या वैयक्तिक ठेवीतच मिळवतात. मोंढ्यातल्या आडत्यांनी आणि कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण हंगामात चालू खात्यात एकदम मोठी रक्कम पडून असते आणि घरच्या ठेवीही त्याच बँकेत असतात.

संयुक्त खात्याचा नियम अनेकांना खोटा वाटतो, पण महामंडळाचा तो लेखी नियम आहे. नवरा-बायकोचं संयुक्त खातं हे दोघांच्या एकेकट्या खात्यांपासून वेगळं मोजतात. आणि नावांचा क्रम बदलला की तेही वेगळं. पहिलं नाव नवऱ्याचं असलेलं संयुक्त खातं आणि पहिलं नाव बायकोचं असलेलं संयुक्त खातं, ही दोन स्वतंत्र नाती. एकाच क्रमाने दहा संयुक्त ठेवी केल्या तर मात्र त्या सगळ्या एकत्र.

यावरून एक मांडणी. अंबाजोगाईच्या एखाद्या घरात निवृत्तीचे किंवा महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे अठरा लाख आलेत आणि घराजवळ एकच सोयीची बँक आहे असं धरा. नवऱ्याच्या नावे साडेचार लाख, बायकोच्या नावे साडेचार, ‘नवरा आणि बायको’ असे साडेचार, ‘बायको आणि नवरा’ असे साडेचार. सगळ्या ठेवी एक वर्षाच्या ठेवल्या आणि दरवर्षी व्याज बाजूला काढलं, तर एकाच बँकेत अठरा लाख विम्याच्या आत बसतात. पण यात एक अट आहे: त्याच बँकेत त्यांची बचत खाती असतील तर त्यातली शिल्लकही त्या-त्या नात्यात मिळवायची. आमचं मत विचाराल तर एवढी कसरत एकाच बँकेत करण्यापेक्षा रक्कम दोन-तीन बँकांत विभागणं केव्हाही बरं. बँकेवर निर्बंध आल्यावर विमा मिळाला तरी तोपर्यंतचे तीन महिने घर चालवायला दुसऱ्या बँकेत पैसे हवेतच.

ज्यावर विमा नाही अशा गोष्टी थोडक्यात: बँकेचे भाग, म्हणजे शेअर्स, ही ठेव नव्हे. बँकेच्या काउंटरवरून घेतलेला म्युच्युअल फंड किंवा विमा पॉलिसी ही बँकेची ठेव नव्हे. लॉकरमधले दागिने तुमच्या मालकीचे आहेत, बँकेच्या देण्यात ते मोजत नाहीत. सरकारच्या आणि एका बँकेने दुसऱ्या बँकेत ठेवलेल्या ठेवींना विमा नाही.

आणि कर्ज. त्याच बँकेचं तुमच्यावर कर्ज असेल तर बँकेला ते ठेवीतून वळतं करायचा हक्क आहे, आणि विमा उरलेल्या रकमेवर बसतो. सहा लाखांची ठेव आणि दोन लाखांचं कर्ज असेल तर चार लाख धरले जातील. बँकेवर निर्बंध आले म्हणून कर्जदाराला हप्ते थांबवायची परवानगी मात्र मिळत नाही. बँक अडचणीत आली म्हणून हप्ता बंद केला की खातं थकीत होतं, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होतं आणि वसुलीची नोटीस येते.

आधीच नीट करून ठेवायची कागदं

दावा पैशांमुळं क्वचित अडतो, नावामुळं अडतो. पासबुकावर ‘शे. रुक्मिणबाई’, आधारवर ‘रुक्मिणी’ आणि पॅनवर माहेरचं आडनाव, असं असलं की यादी तयार करताना नाव बाजूला पडतं. म्हणून आजच्या आज पाहायच्या गोष्टी: खात्यावरचं नाव आधार आणि पॅनशी जुळतं का, केवायसी चालू आहे का, मोबाइल क्रमांक वापरातला आहे का, आणि एकाच माणसाला बँकेने दोन ग्राहक क्रमांक दिलेत का. दोन असतील तर अर्ज करून एकत्र करून घ्या.

नॉमिनी लावलेला असला पाहिजे. बँकिंग कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. वाटा ठरवून एकदम, किंवा एकानंतर एक अशा क्रमाने. लॉकरसाठी फक्त क्रमानेच. अर्ज दिल्यावर पोच घ्या आणि पावतीवर नॉमिनीची नोंद छापून आली का बघा. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालकी वारसांचीच राहते; घरात हे सगळ्यांना आधी सांगितलं तर नंतर भांडण होत नाही.

पिग्मीचं प्रकरण वेगळं जपावं लागतं. विमा बँकेच्या दफ्तरातल्या शिलकेवर मिळतो. एजंटच्या हातात दिलेले आणि त्याने न भरलेले पैसे दफ्तरात नसतात. त्याच्या मशीनची चिठ्ठी आठवडाभर साठवा, शनिवारी शाखेत जाऊन पासबुकावर नोंद करून घ्या, आणि दोन्ही आकडे जुळवा. चिठ्ठीचा कागद उन्हात आणि खिशात पुसट होतो, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी मूळ पावती काउंटरवर दिली की नवी पावती त्याच वेळी घ्या. ‘संध्याकाळी या’ असं म्हणाले तर जुन्या पावतीच्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच निघा.

बँक कुठं चाललीय याची चाहूल

नागरी बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि सभासदांना अहवाल मिळतो. रंगीत फोटोंची पानं उलटून ताळेबंदावर जा. निव्वळ एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, किती टक्के, भांडवल पर्याप्तता, म्हणजे दिलेल्या कर्जांच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल, किती टक्के (लहान नागरी बँकांना किमान ९, मोठ्यांना १२), लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’ वरून ‘ब’ किंवा ‘क’ वर घसरला का, एवढं पाहिलं तरी पुरे. शेजारच्या बँकांपेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज देणारी संस्था ठेवींसाठी धडपडतेय, असं समजा. रिझर्व्ह बँकेने दंड केल्याची बातमी मात्र घाबरण्यासारखी नसते. दंड मोठमोठ्या बँकांनाही होतात, त्याचा अर्थ नियम मोडला एवढाच. निर्बंधाची बातमी वेगळी.

निर्बंध आले की पहिल्या आठवड्यात

रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली आदेश काढते. त्या संध्याकाळपासून नवं कर्ज, नव्या ठेवी बंद होतात आणि पैसे काढण्यावर मर्यादा येते. मर्यादा प्रत्येक वेळी वेगळी असते: २०१९ मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, बँकेत सुरुवातीला फक्त १,००० रुपये होती, कधी काहीच काढू देत नाहीत. आदेश रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असतो आणि शाखेच्या दारावर लावतात. व्हॉट्सॲपवरचा मजकूर वाचू नका, दारावरचा आदेश वाचा. त्यात तारीख असते. ती तारीख वहीत लिहा, कारण पुढचे सगळे दिवस तिथून मोजले जातात आणि व्याजही त्या तारखेपर्यंतचंच धरलं जातं.

त्याच दिवशी शेवटच्या नोंदीपर्यंत पासबुक भरून घ्या, खातेउतारा शिक्क्यासह मागा. नंतर गर्दीत छपाईचं मशीन बंद आहे हे उत्तर मिळतं.

लगेच करायचं दुसरं काम म्हणजे येणारे पैसे वळवणं. पीएम किसान, पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, निराधार योजनेचं मानधन, गॅसची सबसिडी हे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतं. आधार या बँकेला जोडलेलं असेल तर दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथं आधार सीडिंगचा, म्हणजे आधार त्या खात्याला जोडायचा, अर्ज द्या. नुसतं आधार कार्डाची झेरॉक्स देणं म्हणजे सीडिंग नव्हे. अर्जावर ‘सरकारी लाभ याच खात्यात घ्यायचा आहे’ असं स्पष्ट लिहून सही करावी लागते. पगार, पेन्शन, कारखान्याचं उसाचं बिल, दूध डेअरीचं पेमेंट यांनाही नवा खाते क्रमांक कळवा. निर्बंधानंतर जमा झालेले पैसेही मर्यादेत अडकू शकतात. या खात्यातून जाणारे विजेचे, विम्याचे, कर्जाचे हप्ते आणि दिलेले चेक परत जातील, तेही बदला.

पुढचा भाग २०२१ च्या कायद्याचा. पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत विमा मिळत नसे. धाराशिवच्या वसंतदादा बँकेवर नोव्हेंबर २०१७ पासून निर्बंध होते, परवाना गेला जानेवारी २०२१ मध्ये. तोवर ठेवीदार नुसतेच थांबले. १ सप्टेंबर २०२१ पासून डीआयसीजीसी कायद्यात कलम १८अ आलं. आता निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम द्यायची असते. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची, पुढच्या ३० दिवसांत महामंडळाने तपासायची, शेवटच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे. बँकेच्या विलीनीकरणाचा किंवा पुनर्रचनेचा प्रयत्न चालू असेल तर रिझर्व्ह बँक आणखी ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते.

हे पैसे आपोआप येत नाहीत. तुम्ही संमतीपत्र द्यावं लागतं. बँक त्यासाठी नमुना अर्ज देते, आणि सोबत ओळखपत्र, पॅन, ठेवीच्या पावत्यांच्या प्रती आणि दुसऱ्या बँकेतल्या वापरात असलेल्या खात्याचा तपशील लागतो. आयएफएससी कोड लिहिताना ओ आणि शून्य यांची गल्लत करू नका. पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. दुसऱ्या बँकेतल्या खात्यावरचं नाव आणि या बँकेतलं नाव सारखं हवं. संयुक्त खातं असेल तर सगळ्या खातेदारांची कागदपत्रं आणि सह्या जमवून ठेवा; मुलगा पुण्याला आणि लेक हैदराबादला असेल तर हे काम आधी सुरू करा. खातेदार वारला असेल तर मृत्यू दाखला आणि नॉमिनीचे कागद, नॉमिनी नसेल तर वारसांचे कागद.

अर्ज पंचेचाळीस दिवस संपायच्या खूप आधी द्या. शेवटच्या दिवसांत शाखेत रांग असते आणि अर्जातली चूक दुरुस्त करायला वेळ उरत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. दोन आठवड्यांनी पुन्हा जाऊन यादीत नाव आणि रक्कम बरोबर आहे का विचारा. महामंडळ थेट ठेवीदाराकडून दावा घेत नाही, त्यामुळं बँकेच्या यादीत नाव नसलं की मुंबईला महामंडळाच्या कार्यालयात खेटे घालून उपयोग होत नाही. मुदत चुकलीच तर बँकेत किंवा प्रशासकाकडे लेखी अर्ज करून पुढच्या यादीत नाव घालायला लावा.

या सगळ्याला शुल्क नाही. ‘टक्केवारीवर तुमचे विम्याचे पैसे काढून देतो’ म्हणणारे लोक याच दिवसांत शाखेबाहेर फिरतात. महामंडळ कुणालाही एजंट नेमत नाही, आणि फोन करून ओटीपी मागत नाही.

परवानाच रद्द झाला तर

सहकारी बँकेवर सहकार निबंधक अवसायक, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमतात. अवसायकाने तीन महिन्यांच्या आत ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची आणि यादी मिळाल्यापासून दोन महिन्यांत महामंडळाने पैसे द्यायचे, असा कायदा आहे. कलम १८अ खाली आधीच पैसे घेतले असतील तर पुन्हा मिळत नाहीत.

पाच लाखांवरची रक्कम अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून असते. तो थकीत कर्जं वसूल करतो, इमारती विकतो, आणि त्यातून आधी खर्च आणि महामंडळाने दिलेले पैसे परत करावे लागतात. तुमचा नंबर त्यानंतर लागतो, त्याला वर्षं लागतात. तरीही उरलेल्या रकमेचा दावा अवसायकाकडे लेखी नोंदवून पोच घ्या, नाहीतर वाटपाच्या वेळी नाव नसेल.

बँक चालू असताना ती ठेव परत देत नसेल, नॉमिनी लावत नसेल, वारसाचा दावा अडवत असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तिच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून किंवा कागदावर. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. वकील लागत नाही, फी नाही.

पतसंस्था किंवा मल्टिस्टेट अडकली असेल तर

इथं विमा नाही, कायदा मात्र आहे. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम १९९९, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. ठेव मुदत संपूनही परत न देणाऱ्या वित्तीय संस्थेच्या चालकांना सहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ठेवीदाराच्या कामाची गोष्ट म्हणजे संस्थेची आणि चालकांची मालमत्ता सरकार जप्त करू शकतं आणि ती विकून ठेवीदारांत वाटता येते. त्यासाठी सक्षम प्राधिकारी म्हणून महसूलचा अधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालय आदेश देतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातली ‘ठेव’ ही व्याख्या व्यापक असल्याचं मान्य केलं.

ठेवीची मुदत संपली आणि पैसे नाकारले, की पहिल्यांदा लेखी मागणी करा आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी ‘पुढच्या महिन्यात या’ वर वर्ष काढलेल्यांकडे नंतर पुरावाच नसतो. मग पोलीस ठाणे किंवा आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार, आणि अर्जात एमपीआयडी कायद्याचा स्पष्ट उल्लेख. गुन्हा आधीच दाखल असेल तर नवा दाखल करायचा हट्ट धरू नका. त्याच गुन्ह्यात ठेवीदार म्हणून जबाब आणि पावत्यांच्या प्रती द्या. सक्षम प्राधिकाऱ्याची दावे मागवणारी जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते, ती चुकवू नका.

मूळ पावती कुणाच्याही हवाली करू नका. कृती समितीच्या कार्यकर्त्याला नाही, वकिलाला नाही, ‘जुनी पावती जमा करा, नवी मिळेल’ म्हणणाऱ्या शाखाधिकाऱ्याला तर अजिबात नाही. जुनी पावती बदलून लांबच्या मुदतीची नवी दिली की ‘मुदत संपूनही दिले नाहीत’ हा तुमचा मुद्दाच जातो. पोलिसांनी मूळ मागितली तर पंचनामा किंवा लेखी पावती घेऊनच द्या.

सोबत राज्यातल्या पतसंस्थेसाठी जिल्हा उपनिबंधक किंवा तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे अर्ज द्या. मल्टिस्टेटसाठी हे कार्यालय काही करू शकत नाही, तिथं नवी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे. २०२३ च्या दुरुस्तीने मल्टिस्टेट सभासदांसाठी सहकार लोकपालाची तरतूदही झाली आहे. तिसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही, पण पैसे नाकारल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. आयोगाचा आदेश हातात आला तरी संस्थेची मालमत्ता एमपीआयडीखाली जप्त असेल तर वसुली त्या जप्तीतूनच व्हावी लागते, म्हणून एमपीआयडीच्या यादीत नाव घालणं ग्राहक आयोगात गेलात तरी सोडू नका.